शिशूंमधील श्वसनिकादाह : ओळख, चिकित्सा आणि पाठवणीची वेळ

प्रस्तावना

नारळी पौर्णिमेची परिक्रमा यात्रा आटोपली की माहूरगडावरील गर्दी ओसरू लागते आणि आमच्या चिकित्सालयातील गर्दी वाढू लागते. पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून थंडीपर्यंत दररोज चार-दोन तान्ही मुले येतात. नाक वाहते आहे, खोकला आहे, छाती घुरघुरते आहे आणि 'बाळाचं पोट उडतंय' ही एकच तक्रार. त्यांपैकी बहुतेक मुले आठवडा-दहा दिवसांत आपोआप सुधारतात. म्हणूनच या व्याधीत वैद्य गाफील राहतो, आणि उरलेली थोडी मुले काही तासांत हाताबाहेर जातात. प्रस्तुत लेखात या व्याधीचे स्वरूप, त्यात आपण काय करावे, काय करू नये आणि शिशूस पुढे केव्हा पाठवावे, याचा विचार केला आहे. औषधविक्रेते बंधूंसाठीही काही सूचना शेवटी दिल्या आहेत.

एक रुग्णानुभव

काही वर्षांपूर्वीच्या भाद्रपदात एका तांड्यावरून चार महिन्यांचे शिशू आमच्याकडे आणले गेले. दोन दिवसांचा प्रतिश्याय, थोडा कास, ज्वर नाममात्र. आम्ही छाती तपासली, बालचतुर्भद्र चूर्ण मधातून चाटवण्यास सांगितले आणि दोन दिवसांनी दाखवावे असे म्हणून पाठवून दिले. श्वास मोजला नाही. अंगावरचे कपडे काढून पोट व बरगड्या पाहिल्या नाहीत. बाळ दूध किती पिते, हेही विचारले नाही.

चौथ्या दिवशी रात्री तेच शिशू परत आले. श्वासगती मिनिटाला ७४, नाकपुड्या फुललेल्या, ओठांवर निळसर छटा, आणि मधूनच श्वास थांबत होता. पोटावर बिब्ब्याचे पाच ताजे चटके होते. दुपारी एका जाणत्याकडून ते देववले होते. आम्ही रागावून आजीला विचारले, इतका वेळ का थांबलात? ती म्हणाली, "डॉक्टरसाहेब, तुमीच तर दोन दिवसांनी या म्हनले होते."

या उत्तरावर आमच्याजवळ बोलण्यासारखे काही नव्हते. ग्रामीण रुग्णालयात प्राणवायू सुरू झाला, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मिळाली आणि शिशू जिल्ह्याच्या ठिकाणी पोचले. नवव्या दिवशी ते घरी आले. छातीचा व्याधी पंधरवड्यात निवळला. पोटावरचे व्रण भरायला त्याहून अधिक काळ लागला. चटके देणाऱ्याचा दोष उघड दिसतो. परंतु मधले दोन दिवस आमच्या शब्दावर वाया गेले, हा दोष आमचा होता. हा लेख त्या दोन दिवसांसाठी लिहिला आहे.

व्याधिस्वरूप व हेतू

श्वासनलिका फुप्फुसात शिरून तिला शाखा-उपशाखा फुटतात. अगदी शेवटच्या सूक्ष्म शाखांना श्वसनिका म्हणतात. त्यांना विषाणूमुळे येणारा शोथ म्हणजे श्वसनिकादाह, अर्थात ब्राँकिओलायटिस. दोन वर्षांखालील, विशेषतः २ ते ६ महिने वयाच्या शिशूंमध्ये हा अधिक आढळतो. बहुसंख्य रुग्णांत कारण 'रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस' म्हणजेच आरएसव्ही हा विषाणू असतो. तो प्रथम १९५६ मध्ये चिंपांझींमध्ये आढळला आणि लगेचच तो मानवी शिशूंनाही ग्रासतो असे दिसून आले. २०१९ या वर्षात जगभरात ५ वर्षांखालील सुमारे १ लाख बालकांचे मृत्यू या विषाणूमुळे झाले असावेत असा अंदाज २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील जवळजवळ निम्मे मृत्यू पहिल्या सहा महिन्यांतील शिशूंचे होते आणि बहुतांश आपल्यासारख्या अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील होते.

विषाणू बहुधा घरातील मोठ्या भावंडाच्या किंवा पाहुण्याच्या साध्या सर्दीतून येतो. हातांवरून, खोकल्याच्या तुषारांवरून, बाळाचा मुका घेण्यातून तो पोचतो. गडावर जावळासाठी आणलेली तान्ही मुले दर्शनाच्या रांगेत तासन्‌तास कडेवर असतात; त्यांना तेथेच लागण होणे शक्य आहे. चुलीचा धूर, घरातील विडी, अपुऱ्या दिवसांचा जन्म, कमी वजन, जन्मजात हृद्रोग आणि स्तन्याचा अभाव ही व्याधी बळावण्याची कारणे आहेत.

संप्राप्ती

विषाणूमुळे श्वसनिकेचे अंतःस्तर सुजतात, मृत पेशी झडतात, स्राव वाढतो आणि नळी आतून भरते. मोठ्या माणसाला एवढ्या सुजेने फक्त खोकला होईल. शिशूची नळी मुळातच काडीसारखी असते. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर हवेला होणारा अवरोध दुप्पट होत नाही, सोळापट होतो. हवा आत जाते, परंतु पूर्णपणे बाहेर पडू शकत नाही. फुप्फुस फुगून राहते, काही भागांत हवा पोचतच नाही आणि रक्तातील प्राणवायू घटतो. त्यातच लहान शिशू प्रामुख्याने नाकाने श्वास घेते. नाक चोंदले की त्याला एकाच वेळी पिणे व श्वास घेणे जमत नाही.

आपल्या परिभाषेत ही प्राणवह स्रोतसातील कफाने झालेली वायूची मार्गावरोधजन्य विकृती होय. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानातील हिक्काश्वासचिकित्सा या अध्यायात श्वासाची जी संप्राप्ती सांगितली आहे तिच्याशी हे चित्र पुष्कळ जुळते. कफाने मार्ग रोधल्यावर वायू विमार्गगामी होतो, हे वर्णन शिशूच्या फुगलेल्या छातीवर हात ठेवला की डोळ्यांपुढे उभे राहते. तथापि एक भेद ध्यानात असावा. तमक श्वासात नलिकेचे स्नायू आकुंचित होतात, ते औषधाने सैल करता येतात. येथे मुख्य अडथळा सूज व स्राव यांचा असतो. त्यामुळे दम्याची औषधे येथे बहुधा निष्फळ ठरतात.

'पोट उडणे' व उत्फुल्लिका

व्याधी छातीत असताना लोक पोटाकडे का बोट दाखवतात, हे समजून घेणे अगत्याचे आहे. शिशूच्या बरगड्या मऊ असतात आणि त्याचे श्वसन मुख्यतः मध्यपटलावर चालते. फुप्फुस ताठर झाले की मध्यपटल जोर करते. छातीचा खालचा भाग आत ओढला जातो आणि त्याच क्षणी पोट वर येते. आईला दिसते ते पोट. म्हणून व्याधीला 'डब्बा', 'पोट उडणे' अशी नावे पडली आणि उपायही पोटावरच झाले.

योगरत्नाकरात उत्फुल्लिका नावाचा बालरोग वर्णिला आहे. त्यात उजवी कुशी फुगणे, श्वास व शोथ ही लक्षणे सांगितली आहेत. फुगलेले फुप्फुस मध्यपटलाला खाली ढकलते व त्यामुळे यकृत उजव्या बरगडीखाली हाताला लागते. हृद्रोगातही यकृत वाढून तेथेच लागते. ग्रंथकाराने हेच निरीक्षण नोंदवले असावे असे आम्हास वाटते. निरीक्षण सूक्ष्म आहे. परंतु त्याच ठिकाणी जळवांनी रक्तमोक्षण व तप्त शलाकेने पोटावर दाह हे उपायही सांगितले आहेत, हे आपण प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. आज ते करणे वैद्यकाच्या व कायद्याच्या दृष्टीने सर्वथा त्याज्य आहे. दाहाने श्वसनिकेची सूज उतरत नाही. वेदनेने रडणाऱ्या शिशूची प्राणवायूची गरज मात्र वाढते आणि व्रणातून जंतुसंसर्ग होतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये मेळघाटातील सिमोरी येथे अवघ्या २२ दिवसांच्या बालकाच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे चटके दिल्याचे उघडकीस आले. आपल्या किनवट-माहूरच्या डोंगरपट्ट्यातही बिब्ब्याचे चटके अद्याप पूर्ण थांबलेले नाहीत. लोक वैद्याचे ऐकतात. ग्रंथातील वचनाचा आधार देऊन ही रूढी जगवायची की त्याच अधिकाराने ती थांबवायची, हे आपल्यावर आहे.

लक्षणे व व्याधीचा क्रम

पहिले एक ते तीन दिवस केवळ सर्दी व किंचित ज्वर असतो. त्यानंतर कास, घुरघुर, जलद श्वास व दूध पिण्यात घट. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी व्याधी शिखरावर असतो. पुढे श्वासकष्ट उतरतो, मात्र कास दोन-तीन आठवडे रेंगाळतो. हा क्रम पाठ असावा. दुसऱ्या दिवशी बरे दिसणारे शिशू चौथ्या दिवशीही तसेच असेल, असे मुळीच नाही. आमची चूक नेमकी येथे झाली.

दोन महिन्यांखालील व अपुऱ्या दिवसांच्या शिशूंत कास-घुरघुर न होता प्रथम श्वास थांबणे हेच लक्षण असू शकते.

श्वास कसा मोजावा

शिशू शांत असताना, शक्यतो आईच्या मांडीवर झोपलेले असताना, पोट उघडे करून घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजावे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये. शिशूचा श्वास अनियमित असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार जलद श्वासाच्या मर्यादा अशा :

दोन महिन्यांखालील शिशू : मिनिटाला ६० किंवा अधिक (पुन्हा एकदा मोजून खात्री करावी).
२ ते १२ महिने : ५० किंवा अधिक.
१ ते ५ वर्षे : ४० किंवा अधिक.

या साध्या मोजणीचे सामर्थ्य आपल्याच राज्याने जगाला दाखवले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९८८ पासून गावातील कार्यकर्ते व दायांना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखण्यास व औषध देण्यास शिकवले. ज्यांना अंक मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी मण्यांचे श्वासमापक बनवले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. १९९० मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. तुलनेसाठी निवडलेल्या गावांपेक्षा या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू ५४ टक्क्यांनी कमी होते. निरक्षर दाईला जे साधले ते पदवीधर वैद्याने टाळावे, हे शोभत नाही.

प्राणवायूमापक यंत्र कोरोनाच्या काळापासून प्रत्येक चिकित्सालयात आहे. परंतु ते बहुधा प्रौढांच्या बोटासाठीचे असते. शिशूच्या इवल्या बोटावर त्याचे आकडे विश्वसनीय नसतात. शिशूच्या तळपायाला गुंडाळण्याचा लहान प्रोब घ्यावा. खर्च थोडा, उपयोग मोठा.

व्यवच्छेदक निदान

घुरघुरणारे प्रत्येक शिशू श्वसनिकादाहाचे नसते. तीव्र ज्वर व एका बाजूस स्थानिक चिन्हे असतील तर न्यूमोनिया. दूध पिताना कपाळावर घाम, वजन न वाढणे, हृदयात मर्मर, वाढलेले यकृत ही चिन्हे असतील तर जन्मजात हृद्रोग. खेळते शिशू अचानक ठसकून घुरघुरू लागले तर फुटाणा, शेंगदाणा वा मणी श्वसनमार्गात गेल्याची शंका घ्यावी. उबळीवर उबळ येऊन शिशू निळे पडत असेल तर डांग्या खोकला. वर्षावरील बालकात पुनःपुन्हा असे होत असेल तर तमक श्वासाचा विचार करावा.

चिकित्सा : करावयाचे

या व्याधीचा काळ निश्चितपणे कमी करणारे सिद्ध औषध आजमितीस आधुनिक वैद्यकाजवळ नाही आणि आपल्याजवळही नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत साल्ब्युटामॉल, स्टिरॉइड व प्रतिजैविके नित्य वापरू नयेत असेच सांगितले. शिशूला तगवून धरणे हीच येथील चिकित्सा आहे आणि तिचे तीन आधार आहेत : मोकळे नाक, पुरेसे स्तन्य व प्राणवायू.

सौम्य रुग्णात, म्हणजे श्वासगती मर्यादेत, छाती आत ओढली जात नाही व शिशू नेहमीप्रमाणे पिते आहे अशा वेळी, पुढीलप्रमाणे करावे. पाजण्यापूर्वी प्रत्येक नाकपुडीत औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या सलाइनच्या थेंबांपैकी दोन-दोन थेंब घालून नाक हलकेच स्वच्छ करावे. थोडे-थोडे, वारंवार पाजावे. शिशूला किंचित उभे धरून ठेवावे. खोली उबदार परंतु हवेशीर असावी.

ग्रंथांनी क्षीराद अवस्थेत धात्रीच्या आहार-विहाराकडे व तिच्या चिकित्सेकडे लक्ष वेधले आहे, ते येथे सार्थ ठरते. आईचे पोषण, तिची विश्रांती व स्तन्याचे सातत्य सांभाळावे. बाळाला सर्दी आहे म्हणून अंगावरचे दूध तोडू नये. काश्यपसंहितेच्या स्वेदाध्यायात लहान शिशूंसाठी हस्तस्वेद सांगितला आहे. वैद्याने वा आईने आपले हात उबदार करून ते छाती-पाठीवर हळुवार ठेवणे, एवढा मृदू स्वेद सौम्य रुग्णात देण्यास हरकत नाही. शिशूला त्याने स्वस्थता मिळते. त्याहून अधिक अपेक्षा ठेवू नये. बालचतुर्भद्रासारखे सौम्य योग वापरणाऱ्यांनी ते सहा महिन्यांवरील, नीट पिणाऱ्या बालकापुरतेच, अल्प मात्रेत ठेवावेत आणि ते श्वासकष्टाचे औषध आहे असे पालकांना सांगू नये.

सौम्य रुग्णालाही दररोज पुन्हा पाहावे, निदान पाचवा दिवस उलटेपर्यंत. 'दोन दिवसांनी या' हे वाक्य आम्ही आता उच्चारत नाही. 'उद्या या, आणि रात्री यांपैकी काही दिसले तर तत्क्षणी या' असे म्हणून चिन्हे आईकडून वदवून घेतो.

चिकित्सा : टाळावयाचे

मध : वर्षाखालील शिशूला मध मुळीच देऊ नये. मधातील जंतुबीजांमुळे त्या वयात बॉट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा व्याधी होऊ शकतो. सितोपलादी असो वा सुवर्णप्राशन, अनुपानाचा हा नियम आपल्या सवयीपेक्षा मोठा मानावा. वरील रुग्णात आम्ही मधच दिला होता, हेही येथे नमूद करतो.

कापूर व उग्र बाम : शिशूच्या त्वचेतून व नाकातून कापूर शोषला जाऊन आक्षेप येऊ शकतात. ओवा-कापराची पुरचुंडी गळ्यात बांधू नये.

धुरी व शेगडी : वावडिंग-ओव्याची धुरी आधीच सुजलेल्या स्रोतसाला अधिक चिडवते. बंद खोलीतील कोळशाच्या शेगडीचा वायू प्राणघातक आहे.

नाकात तेल : श्वासकष्ट असताना नाकात टाकलेले तेल फुप्फुसात उतरते.

रसकल्प : श्वासकुठारासारख्या पारद, मनःशिला व वत्सनाभयुक्त कल्पांना शिशूच्या चिकित्सेत स्थान नाही. वमनाने कफ काढण्याचा प्रयत्नही करू नये.

निद्राकर द्रव्ये : झोप लागावी म्हणून उगाळलेले जायफळ वा अफूचा अंश असलेली गोळी श्वासाचे केंद्र मंदावू शकते. थकून गप्प झालेले शिशू 'शांत झोपले' असे समजणे हा याच घातक चुकीचा दुसरा प्रकार होय.

पाठवणीची वेळ

पुढीलपैकी एकही चिन्ह असल्यास औषध देत बसू नये : छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे, नाकपुड्या फुलणे, प्रत्येक श्वासाला कण्हणे, जलद श्वास, विशेषतः ६० च्या वर, ओठ-जीभ निळसर, श्वास मध्येच थांबणे, नेहमीच्या निम्म्याहून कमी पिणे, बारा तासांत लघवी न होणे, ग्लानी, प्राणवायू ९२ टक्क्यांखाली. शिशू दोन महिन्यांखालील, अपुऱ्या दिवसांचे वा हृद्रोगी असेल तर सौम्य लक्षणांतही तज्ज्ञाकडे पाठवावे.

माहूरहून नांदेड सव्वाशे किलोमीटरच्या घरात आहे. यवतमाळ त्याहून जवळ पडते. मधला रस्ता घाटाचा व जंगलाचा आहे. म्हणून आपल्याकडे 'थोडे थांबून पाहू' याची किंमत शहरापेक्षा जास्त असते. प्रथम ग्रामीण रुग्णालयात प्राणवायू सुरू करून घ्यावा, १०८ ला बोलवावे आणि आधी फोन करून खाट असल्याची खात्री करावी. वाटेत शिशू आईच्या मांडीवर अर्धवट उभे असावे, नाक स्वच्छ असावे. धाप मोठी असेल तर तोंडाने काही पाजू नये. सोबतच्या चिठ्ठीत व्याधीचा कितवा दिवस, श्वासगती, वेळ आणि आपण दिलेले प्रत्येक औषध लिहावे. पुढे नाकावाटे वेगाने उष्ण-आर्द्र प्राणवायू, नळीने दूध वा शिरेतून द्रव यांवर बहुतेक शिशू काही दिवसांत सावरतात.

औषधविक्रेते बंधूंसाठी

ग्रामीण भागात शिशूचा पहिला 'वैद्य' बहुधा औषधविक्रेता असतो. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन व फेनिलएफ्रिन यांचे मिश्रण ४ वर्षांखालील मुलांना देऊ नये असे वेष्टनावर छापण्याचे आदेश दिले. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात डायएथिलीन ग्लायकॉलने दूषित खोकल्याच्या औषधामुळे मूत्रपिंडे निकामी होऊन २० हून अधिक बालके दगावली. त्यांतील अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने २ वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत असे पुन्हा बजावले. आयुर्वेदीय 'कफ सिरप' मागणाऱ्या पालकालाही तान्ह्या बाळासाठी बाटली न देता वैद्याकडे वा रुग्णालयाकडे पाठवावे. चिठ्ठीशिवाय नेब्युलायझरची औषधे व स्टिरॉइडचे थेंब देऊ नयेत. दुकानात सलाइनचे थेंब अवश्य ठेवावेत, आणि गल्ल्याजवळ श्वासगतीचे वरील तीन आकडे लिहून लावावेत.

प्रतिबंध

स्तनपान, हात धुणे, सर्दी झालेल्यांनी बाळाला न घेणे, घरातील धूर कमी करणे आणि पहिल्या काही महिन्यांत यात्रा-बाजाराची गर्दी टाळणे हे उपाय कोणालाही करता येतात. जावळ काही महिने पुढे गेल्याने रेणुकामाता रुष्ट होत नाही, असे आम्ही भाविक कुटुंबांना आवर्जून सांगतो. २०२३ मध्ये अमेरिकेत गर्भिणीसाठी आरएसव्हीची लस व शिशूंसाठी निर्सेव्हिमॅब हे संरक्षक प्रतिपिंड मान्य झाले. येत्या काळात त्याविषयी आपल्याला विचारणा होईल, तेव्हा माहिती असावी.

समारोप

ते शिशू आता शाळेत जाते. मध्यंतरी त्याची आजी नवे नातवंड घेऊन आली. आल्याबरोबर तिने बाळाचे कपडे काढले, त्याला मांडीवर निजवले आणि म्हणाली, "आधी श्वास मोजा." आम्ही घड्याळ काढले. बेचाळीस भरले. पोट शांत होते, दूध चालू होते. नाकाचे थेंब दिले आणि दुसऱ्या दिवशी बोलावले. ती दुसऱ्या दिवशी आली.

वैद्यबंधु-भगिनींनी एवढेच करावे : चिकित्सालयात येणाऱ्या प्रत्येक खोकणाऱ्या शिशूचे पोट उघडे करावे आणि एक मिनिट मोजावे.